वाइन, व्हिस्की, जिन आणि मोह : मुंबईकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दादर, पार्ले, ठाण्यातल्या घरगुती बैठकांमध्ये मी बरीच वर्षं लोकांना वाइन आणि गाळीव मद्याची चव कशी घ्यायची ते सांगते. तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एकदा सविस्तर लिहून काढली. माझा आग्रह एवढाच असतो की मुंबईत बाटली निवडताना आधी इथली हवा बघा, मग समोरचं ताट बघा आणि किंमत त्यानंतर. युरोपातल्या थंडीत ठरलेले नियम मे महिन्यातल्या गिरगावात जसेच्या तसे चालत नाहीत.

सध्या नवीन काय चाललंय? लोक काय घेऊ लागलेत?

सगळ्यात मोठा बदल म्हणजे भारतीय बाटल्यांकडे बघण्याची नजर बदलली. पूर्वी घरात पाहुणे आले की परदेशातून आणलेली स्कॉच कपाटातून निघायची. आता भारतीय सिंगल माल्ट व्हिस्की अभिमानाने टेबलावर ठेवतात. गोव्यात तयार होणाऱ्या जिनने तरुणांना व्होडकापासून बाजूला नेलं. घायपातापासून केलेलं मद्य आलं आहे, मोहाची दारू रीतसर बाटलीत आली आहे, आणि मधापासून केलेलं मीड पुण्याच्या मूनशाइन आणि नाशिकच्या सेराना या दोन ठिकाणी तयार होतं. सेराना दोन मराठी बायकांनी उभं केलं, हे मी प्रत्येक बैठकीत आवर्जून सांगते.

दुसरा बदल शांतपणे होतोय. लोक कमी घेतात, पण निवडून घेतात. मला हा बदल जास्त महत्त्वाचा वाटतो.

नाशिकची वाइन खरंच चांगली असते, की आपली म्हणून कौतुक?

चांगली असते, आणि त्याला कारणं आहेत. नाशिकचा भाग समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे आणि हिवाळ्यात तिथल्या रात्री चांगल्याच गार होतात. युरोपात द्राक्षं ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये काढतात. आपल्याकडे पावसाळ्यानंतर छाटणी होते, घड हिवाळ्यात पिकतात आणि काढणी साधारण जानेवारी ते मार्चमध्ये. दिवसा ऊन आणि रात्री थंडी मिळाल्यामुळे गोडी भरते आणि आंबटपणाही टिकतो. वाइनला हे दोन्ही लागतं.

एकदा फेब्रुवारीत पहाटे दिंडोरीकडच्या एका बागेत गेले होते. ऊन चढायच्या आत काढणी उरकायची म्हणून मजूर बायका अंधारातच कामाला लागल्या होत्या. क्रेटमधल्या घडांना हात लावला तर फ्रीजमधून काढल्यासारखे गार. एक मणी खाल्ला. खायच्या द्राक्षापेक्षा लहान, सालीला जाड, बियांनी भरलेला आणि इतका गोड की बोटं चिकटली. आपल्या तासगावच्या किंवा नाशिकच्या खायच्या द्राक्षांची वाइन करत नाहीत, हे त्या एका मण्यात कळतं.

महाराष्ट्रात आधुनिक वाइनची सुरुवात १९८० च्या दशकात नारायणगावला शामराव चौगुले यांनी केली, तीही फेसाळत्या वाइनने. १९९९ मध्ये राजीव सामंत यांनी नाशिकला सुला ही वाइन कंपनी उभी केली, २००१ मध्ये राज्याने द्राक्षप्रक्रिया धोरण आणलं आणि चित्र पालटलं. आज ‘नाशिक व्हॅली वाइन’ला भौगोलिक मानांकन आहे. नाशिकच्या बाहेर अकलूजला फ्रातेल्ली आहे, तिथे इटलीची सांजोवेझे जातीची द्राक्षं सोलापूरच्या उन्हात वाढतात. कर्नाटकात नंदी हिल्सला ग्रोव्हर आहे.

सगळ्याच बाटल्या उत्तम नसतात. स्वस्त लाल वाइनमध्ये कधी कधी शिजलेल्या फळाचा जडपणा येतो. पांढरी मात्र त्याच किमतीत बहुतेक वेळा समाधान देते.

पहिल्यांदाच घेतोय. कोणती घेऊ?

शेनिन ब्लाँ ही पांढरी वाइन. नाशिकची, शक्यतो चालू किंवा मागच्या वर्षाची. किंचित गोडसर, फळाचा वास असलेली, आणि तुरटपणा जवळपास नाही. ‘जुनी तितकी भारी’ हा समज थोड्याच महागड्या लाल वाइनच्या बाबतीत खरा आहे. आपल्याकडच्या पांढऱ्या आणि गुलाबी वाइन ताज्या असतानाच प्यायच्या असतात. लेबलवर वर्ष असतं, दुकानातच वाचा.

आपल्या जेवणाबरोबर कुठली वाइन जाते?

‘मासळीला पांढरी, मटणाला लाल’ एवढ्यावर मराठी स्वयंपाकाचं भागत नाही. आपल्या जेवणात तिखट, आंबट, ओलं खोबरं आणि तळण असतं. वाइनचा मेळ त्यांच्याशी बसवायचा.

तिखटाचं आधी. वाइन जितकी तुरट आणि जितकी कडक, तितकं मिरचीचं जळणं वाढतं. कोल्हापुरी तांबड्या रश्श्याबरोबर कॅबर्नेसारखी जड लाल वाइन घेतली तर तोंडाला आग लागते आणि वाइनची चवही मरते. तिथे किंचित गोडसर, थंड वाइन हवी.

बोंबील फ्रायबरोबर थंडगार शेनिन किंवा सोव्हिन्यों ब्लाँ ही दुसरी पांढरी वाइन घ्या. मागच्या उन्हाळ्यात माझ्या आत्याने रवा लावलेले बोंबील तव्यावरून थेट ताटात वाढले. बाहेरून कुरकुरीत, आतून लोण्यासारखे, वर लिंबू पिळलेलं. पंचाहत्तरीच्या आत्याने आयुष्यात पहिल्यांदा सोव्हिन्यों ब्लाँचा घोट घेतला आणि म्हणाली, “अगं, हिच्यात लिंबू आधीच पिळलंय.” यापेक्षा नेमकं वर्णन मी कुठल्या चाखणाऱ्याकडून ऐकलेलं नाही. आंबट वाइन तळणाचं तेल जिभेवरून धुऊन काढते, लिंबूही तेच करतं.

कोथिंबीर वडी, बटाटेवडा, साबुदाणा वडा यांना फेसाळती वाइन. शाँदोंची भारतातली फेसाळती वाइन दिंडोरीलाच तयार होते, सुलाचीही आहे. सुक्या मटणाला, भाजलेल्या खोबऱ्याच्या काळ्या वाटणाला शिराझ ही लाल वाइन छान लागते, कारण तिच्यातच मिरीचा सुगंध असतो. पुरणपोळीबरोबर उशिरा काढणीच्या द्राक्षांची गोड शेनिन. आणि सोलकढी असेल त्या ताटाला वाइन लावू नका. सोलकढीचं काम सोलकढीलाच करू द्या.

लाल वाइन ‘रूम टेंपरेचर’ला प्यायची ना? मग फ्रीजमध्ये का ठेवायला सांगता?

ज्या खोलीवरून हा शब्द आला ती युरोपातली जुनी, गार, दगडी खोली होती. लाल वाइन १६ ते १८ अंशांना छान लागते. मुंबईत घरात ३० अंश असतात. म्हणून लाल बाटलीही पिण्याआधी अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा. पांढरी आणि गुलाबी दोन-तीन तास. फेसाळती त्याहून गार हवी.

साठवणीचा प्रश्न याहून गंभीर आहे. काही वर्षांपूर्वी एका दुकानातून मी चांगल्या नावाची लाल वाइन घेतली. बाटली काचेच्या दर्शनी कपाटात उभी होती आणि दुपारचं ऊन थेट तिच्यावर पडत होतं, हे मला त्या वेळी दिसूनही खटकलं नाही. घरी पाहुण्यांसमोर उघडायला घेतली तर बूच मानेच्या वर दोन मिलिमीटर सरकलेलं, वेष्टनाखाली चिकट ओघळ, आणि पेल्यात कडेला विटकरी रंग. वास मनुकांच्या पाकासारखा. उष्णतेने आतली वाइन फुगून बुचाला वर ढकलते आणि मग हवा आत शिरते. तेव्हापासून मी तीन गोष्टी बघितल्याशिवाय बाटली घेत नाही : दुकानात एसी चालू आहे का, बूच मानेला समतल आहे का, आणि बाटली उजेडातली आहे की मागच्या खणातली. मागच्या खणातली मागून घ्या, दुकानदार देतात.

फिरकीच्या झाकणाला कमी समजू नका. आपल्या हवेत ते बुचापेक्षा भरवशाचं आहे.

भारतीय सिंगल माल्टवर ‘१२ वर्षं’ असं काही लिहिलेलं नसतं. मग पैसे का द्यायचे?

कारण आपल्याकडे पिंपातलं वर्ष लवकर भरतं. व्हिस्की लाकडी पिंपात मुरताना काही भाग उडून जातो, त्याला व्हिस्कीवाले ‘देवदूतांचा वाटा’ म्हणतात. स्कॉटलंडमध्ये तो वर्षाला सुमारे २ टक्के. बेंगळुरूच्या उष्ण हवेत १० ते १२ टक्के. उकाड्याने लाकडातला रंग आणि चवही वेगाने उतरते. तिथे १२ वर्षं ठेवायचं म्हटलं तर पिंपात फारसं काही उरणार नाही. म्हणून चार-पाच वर्षांची भारतीय माल्ट चवीला पोक्त लागते. वर्षांची तुलना करू नका, पेल्यातल्या चवीची करा.

बेंगळुरूच्या अमृतने २००४ मध्ये आपली सिंगल माल्ट आधी ग्लासगोमध्ये विकायला नेली. घरच्यांनी दखल घ्यायला त्यानंतर बरीच वर्षं लागली. २०१० मध्ये जिम मरी या समीक्षकाने अमृत फ्यूजनला जगातल्या उत्तम व्हिस्कींमध्ये तिसरा क्रमांक दिला आणि सगळं बदललं. मग गोव्याची पॉल जॉन, उत्तर प्रदेशची रामपूर, हरियाणाची इंद्री, राजस्थानची गोडावण. २०२३ मध्ये देशात विकल्या गेलेल्या सिंगल माल्टमध्ये निम्म्याहून जास्त भारतीय होती, असा मद्य उद्योगाच्या संघटनेचा अंदाज आहे.

सुरुवात करायची तर पॉल जॉनची धुराचा वास नसलेली माल्ट किंवा इंद्री घ्या. धुराचा वास आवडतो की नाही हे ठाऊक नसताना धुराची मोठी बाटली घेऊ नका. बारमध्ये ३० मिली मागवून बघा.

साधी भारतीय व्हिस्की आणि सिंगल माल्ट यांत फरक काय?

सिंगल माल्ट म्हणजे फक्त मोड आणलेल्या बार्लीपासून, एकाच डिस्टिलरीत गाळून, पिंपात मुरवलेली. आपल्याकडच्या बहुतेक स्वस्त व्हिस्कींचा पाया मात्र उसाच्या मळीचं किंवा धान्याचं शुद्ध मद्यार्क असतो, त्यात थोडी माल्ट मिसळतात. मळीच्या मद्याला युरोपात ‘व्हिस्की’ हे नाव लावता येत नाही. लेबलच्या मागच्या बाजूला घटक लिहिलेले असतात, तिथे सगळं कळतं.

स्कॉच स्वस्त होणार म्हणतात. थांबू का?

भारत-ब्रिटन व्यापार करारावर २४ जुलै २०२५ रोजी सह्या झाल्या. त्यानुसार स्कॉचवरचं आयात शुल्क १५० टक्क्यांवरून आधी ७५ आणि दहा वर्षांत ४० टक्क्यांवर आणायचं ठरलं. पण मुंबईतल्या किमतीत राज्याचं उत्पादन शुल्क, व्हॅट आणि विक्रेत्यांचा नफाही असतो. आयात शुल्क अर्धं झालं म्हणून बाटली अर्ध्या किमतीत येत नाही. वाढदिवस पुढच्या महिन्यात असेल तर थांबू नका.

आणि मग २०२५ मध्ये नेहमीची क्वार्टर एवढी महाग का झाली?

जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरचं उत्पादन शुल्क निर्मितीखर्चाच्या तिपटीवरून साडेचारपट केलं. हे स्वस्त गटातल्या मद्याला लागू झालं. त्याच वेळी ‘महाराष्ट्र मेड लिकर’ हा धान्यावर आधारित नवा प्रकार आणला, १८० मिलीची किमान किंमत १४८ रुपये. वाइन आणि बिअर या वाढीत नव्हत्या.

वाइन सुपरमार्केटात मिळणार होती ना?

जानेवारी २०२२ मध्ये एक हजार चौरस फुटांपेक्षा मोठ्या दुकानांत वाइन विकायला मंत्रिमंडळाने मंजुरी दिली होती. जोरदार विरोध झाला आणि निर्णय कागदावर राहिला.

गोव्याची जिन एवढी गाजतेय, घ्यावी का?

घ्या. जिन म्हणजे ज्युनिपरच्या फळांचा आणि मसाल्यांचा सुगंध दिलेलं मद्य. ते मुरवावं लागत नाही, त्यामुळे नव्या उद्योजकांना ते लवकर बाजारात आणता आलं. २०१७ मध्ये ग्रेटर दॅन आली, तिच्याच कंपनीची हपुसा हिमालयातलं ज्युनिपर वापरते. २०१८ मध्ये स्ट्रेंजर अँड सन्स आली, तिच्यात मिरी, जायपत्री, धणे असा आपल्या मसाल्याच्या डब्यातला ऐवज आहे. जिनमध्ये घालायचं टॉनिक वॉटरही आता इथलं चांगलं मिळतं, मुंबईच्या स्वामीचं माझ्या घरी कायम असतं.

घरी करून बघा : ४५ मिली जिन, १५ मिली बिनमिठाचा कोकम आगळ, चिमूटभर सैंधव, भरपूर बर्फ, वरून टॉनिक. आगळ खारट असेल तर सैंधव टाकू नका.

भारतीय टकीला असते का?

टकीला हे नाव फक्त मेक्सिकोतल्या मद्याला लावता येतं. पण ती ज्या अगावे वनस्पतीपासून होते तिची भावंडं आपल्याकडे दख्खनच्या पठारावर रानोमाळ वाढतात. शेताच्या बांधावर, रेल्वेरुळांच्या कडेला दिसणारं घायपात ते हेच. डेझमंड नाझरेथ यांनी २०११ मध्ये त्यापासून केलेलं मद्य ‘डेझमंडजी’ या नावाने बाजारात आणलं. नंतर पिस्तोला आली. मार्गरीटा या कॉकटेलला दोन्ही उत्तम.

मोहाची दारू म्हणजे हातभट्टीच ना?

हा प्रश्न आला की मी जरा थांबते, कारण त्यामागे सव्वाशे वर्षांचा अन्याय आहे. मोहाची फुलं मार्च-एप्रिलमध्ये पहाटे झाडाखाली पडतात, आदिवासी बायका-मुलं ती वेचतात आणि उन्हात वाळवतात. वाळली की मनुकांसारखी दिसतात, साखरेने भरलेली. लाडू, भाकरी, औषध आणि दारू, सगळ्याला हे फूल लागतं. एकोणिसाव्या शतकात उरणला पारशी मालकांच्या मोहाच्या भट्ट्या होत्या आणि तिथली दारू मुंबईत यायची. मग ब्रिटिश सरकारला महसूल हवा होता, आणि १८९२ च्या कायद्याने ठाणे-कुलाबा भागात फुलं बाळगण्यावरच बंधनं आली. ज्यांचं झाड होतं तेच गुन्हेगार ठरले. ‘हातभट्टी’ हा शब्द आपण हेटाळणीने वापरतो, त्याची मुळं तिथे आहेत.

आज परवान्याने गाळलेली मोहाची दारू मिळते. डेझमंडजीची आहे, आणि आपल्या डहाणूच्या साऊथ सीज डिस्टिलरीची ‘सिक्स ब्रदर्स’ आहे. फुलाचा मऊ, किंचित धुरकट वास येतो. बर्फ न घालता, थोड्या पाण्यात घ्या. गोव्याच्या काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तसा मान मोहालाही मिळायला हवा असं मला मनापासून वाटतं.

पण बेकायदा गाळलेली कुठलीही दारू तोंडाला लावू नका. २०१५ च्या जूनमध्ये मालवणीत मिथेनॉलच्या विषारी दारूने शंभराहून जास्त माणसं मारली. मिथेनॉल वासाने किंवा चवीने ओळखता येत नाही.

दारू प्यायला परवाना खरंच लागतो का? वय किती?

लागतो. १९४९ चा दारूबंदी कायदा आजही लागू आहे, ‘परमिट रूम’ ही पाटी त्याच काळातली. एक दिवसाचा, वर्षाचा आणि आजीवन असे परवाने राज्य उत्पादन शुल्क विभागाकडून मिळतात. आजीवन परवान्याला हजार रुपये लागतात, एकदाच काढून टाका. वाइन आणि सौम्य बिअरसाठी वय २१, गाळीव मद्यासाठी २५.

गोव्याहून चार बाटल्या आणल्या तर?

आणू नका. गोव्याचा कर भरलेली दारू महाराष्ट्रात परवान्याशिवाय बेकायदा ठरते आणि सीमेवर तपासणी होते. परदेशातून विमानाने येताना माणशी दोन लिटर चालतात.

“वाइन तब्येतीला चांगली” हे खरं?

नाही. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं की मद्याचं पूर्ण सुरक्षित असं कुठलंच प्रमाण नाही, आणि कर्करोगाचा धोका वाइनलाही आहे. औषध म्हणून कोणी पीत असेल तर त्यांना थांबवा.

हिशेबही समजून घ्या. ३० मिलीच्या छोट्या पेगमध्ये साधारण १० ग्रॅम मद्यार्क असतो. वाइनच्या १५० मिलीच्या पेल्यात सुमारे १५ ग्रॅम. आणि ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या ६५० मिली बाटलीत ४१ ग्रॅम, म्हणजे चार छोटे पेग. “मी फक्त बिअर घेतो” म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी हा आकडा वहीत लिहून देते. गरोदर बायका, यकृताचा त्रास असलेले आणि औषधं चालू असलेले यांनी एक थेंबही घेऊ नये. घरात कोणाचा पिण्यावरचा ताबा सुटला असेल तर डॉक्टरांना गाठा.

गाडी चालवायची असेल तर अजिबात नाही. कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम आहे आणि पहिल्याच गुन्ह्याला दहा हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. शेवटची लोकल चुकली तर रिक्षा-टॅक्सी आहेच.

श्रावण पाळतो. बैठकीत हातात काय धरू?

वर दिलेल्या कृतीतली जिन काढून टाका, बाकी सगळं तेच. पेला तोच वापरा.

आम्ही शाकाहारी आहोत. वाइन चालेल?

वाइन नितळ करताना काही ठिकाणी अंड्याचा पांढरा भाग किंवा माशापासून केलेला पदार्थ वापरतात, काही ठिकाणी माती. ‘व्हेगन’ लिहिलेली बाटली निर्धास्त घ्या, नाहीतर उत्पादकाला विचारा.

सासरेबुवांना दिवाळीला बाटली न्यायची आहे.

आधी सासूबाईंना किंवा बायकोला विचारून घ्या, सासऱ्यांनी दारू सोडलेली असेल तर भेट त्रासाची होते. घेत असतील तर भारतीय सिंगल माल्ट न्या, सोबत पाणी घालायला छोटा तांब्या किंवा जग. माल्ट सोड्यात बुडवू नये, चमचाभर पाण्याने तिचा वास उघडतो. हे त्यांना सांगायला बसलात की तासभर गप्पा होतात.

उघडलेली बाटली किती दिवस टिकते?

पांढरी वाइन झाकण लावून फ्रीजमध्ये तीन ते पाच दिवस. लालही तिथेच. फेसाळती दुसऱ्या दिवशी संपवा. व्हर्मुथ ही वाइनच असते, ती फ्रीजमध्ये महिना-दोन महिने. व्हिस्की, जिन, रम उघडल्यावरही खूप टिकतात, फक्त उभ्या ठेवा, कारण आडवी ठेवली तर कडक मद्य बूच खातं. बाटली अर्ध्याखाली आली की सहा महिन्यांत संपवलेली बरी. उरलेली वाइन आंबली तर मटणाच्या मुरवणीत जाते. आणि उघडल्याची तारीख चिकटपट्टीवर लिहून बाटलीच्या मानेला लावा, पाचव्या दिवशी “ही कधी उघडली होती?” हे विचारावं लागत नाही.